बाबारावांची वाकडी दाढ

३ नोव्हेंबर
संकल्प. हैदराबादच्या डेंटल कॉन्फरन्समध्ये पेपर वाचायचा. विषय: दाढेचं वाकडं मूळ साफ करायला हाताने फिरवायची स्टीलची फाईल (सुईएवढी कानस) बरी, की मशीनवरची निकेल-टायटॅनियमची? आदिलाबादहून असं काम कुणी केलं नसणार.

५ नोव्हेंबर
उपटलेल्या दाढांवर दोन्ही चालवल्या. स्टीलची ताठ. वळणावर सरळ घुसते, मुळाचा आकार बिघडवते. मशीनची वळणासोबत वाकते. निकाल स्पष्ट. आता फक्त पेशंट हवा.

८ नोव्हेंबर
पेशंट घरीच आला! सासरे बाबाराव, इचोड्याहून, ठणकती दाढ घेऊन. एक्स-रेत मूळ विळ्यासारखं. आनंदाने त्यांना पेढा दिला. चावता येईना. बायको, सुनयना, म्हणाली, बाबांवर प्रयोग नको, नागपूरला स्पेशालिस्टकडे नेऊ. संशोधकाला घरातून पाठिंबा नसतोच.

९ नोव्हेंबर
बाबारावांच्या दाढेत मशीनची फाईल तुटली. टक्. टोक मुळात, वळणाच्या पलीकडे. फाईल बरीच वापरलेली होती, कबूल. पण कोरी घेतली असती तर तुलना प्रत्यक्ष परिस्थितीतली कशी ठरली असती? बाबारावांनी विचारलं, "जावईबापू, काई मोडलं का?" म्हटलं, मशीनचा आवाज. सुनयनाला सांगायचं राहिलं. ती स्वयंपाकात होती.

११ नोव्हेंबर
गाल सुजला. म्हणजे शरीर कामाला लागलं. गोळ्या दिल्या. तुकड्याने मूळ आपोआप बंद झालं असावं. पेपरात हा मुद्दा नवा ठरेल.

१२ नोव्हेंबर
गालाची सूज कमी. हनुवटीखाली उतरली आहे. ताप. बाबाराव तोंडात गरम भात असल्यासारखं बोलतात: "पाणी बी गिळवून नाई राह्यलं." उद्या नक्की बघतो.

१३ नोव्हेंबर
बाबारावांना आडवं होता येईना. बसून श्वास ओढत होते. जीभ वर उचललेली, लाळ गळत होती. मी म्हटलं, घाबरण्यासारखं काही नाही. सुनयनाने मला बाजूला सारून गाडी काढली. नागपूरपर्यंत तीच चालवत होती, बाबाराव मागे. फक्त त्यांचा श्वास. खरखरायचा, मधेच थांबायचा. थांबला की ती आरशात बघायची. तुकड्याचं सांगायला ही वेळ योग्य नव्हती.

१६ नोव्हेंबर, नागपूर
ऑपरेशन झालं. गळ्याला चीर देऊन पू काढला, दाढही काढली. बाबाराव वाचले. आज सर्जनने तुकडा बशीत ठेवून विचारलं, हे काम कुणाचं? खुलासा माझ्याकडे तयार होता. मराठीत आणि इंग्रजीतही. तेवढ्यात बाबारावच फाटक्या आवाजात म्हणाले, "इचोड्याच्या बाजारात एक दातवाला पाल ठोकून बसते, त्याच्याकडून केलं."

सुनयना माझ्याकडे बघत राहिली.

सर्जन म्हणाले, असल्या माणसांना तुरुंगात टाकलं पाहिजे.

मीही मान हलवली.