घरट्यांमधून सरळ

२९ मे

चि. बारक्या यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसायचं म्हणते आणि उठून दुसरंच काहीतरी काम काढते. आज मात्र दाराला कडी लावून बसले आहे. इथे सगळं ठीक. म्हणजे छपराचा पत्रा परत उडाला, पंप बिघडलाय आणि माझे गुडघे तेच जुनं रडगाणं गातायत, यालाच आम्ही ठीक म्हणतो. तुला तिथे पोटाला नीट मिळतं का? कोठडीत उकाडा असेल. पाणी भरपूर पीत जा.

उन्हाळा यंदा अंगावर येणारा आहे. सुरय पक्षी मात्र भरपूर आले. त्यांचं घरटं म्हणजे काय, तर किनाऱ्याच्या खडीत एक खळगा, आणि अंडी अशी की गोटे कुठले नि अंडी कुठली कळू नये. कोणी जवळ गेलं की पांढरेशुभ्र सुरय वरून सूर मारतात आणि टाळक्यात चोच हाणतात. गेल्या रविवारी एक प्राध्यापक टोपी न घालता घरट्यांभोवतीच्या दोरीच्या आत शिरले. मी बजावलं होतं. रक्तबंबाळ होऊन परत आले तेव्हा मलमपट्टी करताना मला हसू आवरेना. त्यांना राग आला, येऊ दे.

पण कुरव, ते दांडगे समुद्रपक्षी, त्यांना भारी पडतात. परवा एका कुरवाने अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिलू उचललं आणि जिवंतच गिळायला लागला. चोचीबाहेर पिलाचे पाय हलत होते. आईबाप दोघे त्याच्यावर तुटून पडले, त्याच्या डोक्यातून रक्त आलं, तरी त्याने गिळलंच. आणि दुसऱ्यासाठी परत आला. आमचा नियम तुला माहीत आहे. बघायचं, मोजायचं, मधे पडायचं नाही. सूनबाई नवीन असताना हेच बघून दगड घेऊन धावली होती. मी तिला चांगली झापली. म्हटलं, "अगं, त्या कुरवालाही घरी पिलं आहेत." ती म्हणाली, "असतील! म्हणून काय आपण नुसतं बघत बसायचं, आई?" मी म्हणाले, "हो. त्याचाच पगार मिळतो आपल्याला."

तिचा पतंगांचा सापळा सध्या मीच सांभाळते. तू त्याची टिंगल करायचास, "पाखरं धरायची नि सोडायची, हा काय धंदा झाला?" म्हणून. दिव्याच्या पेटीत अंड्यांचे रिकामे पुठ्ठे ठेवायचे, पतंग त्यांच्या खाचांत शिरून बसतात. सकाळी पेटी उघडायची, नोंद करायची आणि दाट झुडपात नेऊन सोडायचे. माझी बोटं जाड, माझ्या हातून पंख मोडतात. तिच्या हातून कधी मोडला नाही. बुलबुलांना मात्र पेटीची चटक लागली होती. सोडायच्या जागेवर ते आधीच येऊन टपायचे, म्हणून ती जागा बदलायची. त्या आठवड्यात ती पार पलीकडच्या टोकाला, काटेरी झुडपांपाशी जात होती. हे मीच तुला फोनवर हौसेने सांगितलं. तू म्हणालास, "तिला सांगू नकोस, अचानक येतो." मला वाटलं, समेट करायला येतोयस. आनंदाने वेडी झाले होते मी.

ती कशी आहे हे तू पत्रात विचारलं नाहीस. तरी सांगते. जबडा तारांनी बांधलाय, त्यामुळे दात आवळून बोलते आणि नळीने पिते. तीन बरगड्या मोडल्या आहेत. डाव्या कानाने आता कधीच ऐकू येणार नाही. डोळा वाचला. खोकला आला की ती उशी छातीशी धरते आणि तिच्या कपाळावर घाम फुटतो, तेव्हा मी तिचा हात धरते आणि मनात तुला अशा शिव्या देते, ज्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं.

तिला त्या सकाळचं काहीही आठवत नाही. पेटी उचलली इथपर्यंत आठवतं. "मी पडले का हो, आई?" असं सारखं विचारते.

हे तुला ठाऊक आहे. तुझ्या वकिलांनीच सांगितलं असणार. म्हणून तर तू लिहिलंस: "आई, तू वर लपणात होतीस. ती ओल्या खडकावरून घसरली असं तुला लांबून दिसलं, एवढंच सांग. तुझ्यावर सगळे विश्वास ठेवतील. मी पोचलो तेव्हा ती पडलेलीच होती, मी घाबरून पळालो." आणि खाली, वेगळ्या शाईने: "अगदीच नाही जमलं, तर भांडण झालं आणि रागाच्या भरात माझा तोल गेला असं म्हण. वकील म्हणतात, त्याने शिक्षा बरीच कमी होते."

म्हणजे मी खोटं तर बोलायचंच, फक्त कुठलं ते निवडायचं. फार सोय केलीस बाबा आईची.

बारक्या, तुला वाटतं लपण म्हणजे पक्षी बघायला लपून बसायची लांबची एक लाकडी खोली, तिथून म्हातारीला काय दिसणार. तिथे तीन पायांवरची मोठी दुर्बीण आहे. तिच्यातून त्या टोकावरच्या पक्ष्याच्या पायातलं कडं दिसतं. मी सुरय मोजत होते. पक्षी एकदम उडाले म्हणून दुर्बीण वळवली, आणि तू दिसलास.

आवाज काही येत नव्हता. तू बोलत होतास. ती मान हलवून नाही म्हणत होती, पुठ्ठे छातीशी धरून. तू तिच्या तोंडावर बुक्की मारलीस. ती गुडघ्यावर आली. तू लाथ घातलीस, ती कुशीवर पडली, परत लाथ घातलीस. तिने डोकं हातांत घेतलं तर तू वाकून तिचे हात बाजूला केलेस. मग पेटी उचललीस, लोखंडी कोपऱ्यांची, आणि दोन्ही हातांनी तिच्या कानावर आपटलीस. दोनदा. ती हलायची थांबली तरी आणखी एकदा.

मी बघत होते. ओरडले असेन, मला आठवत नाही. दुर्बिणीवरून डोळा काढला तर तू तिला मारून टाकशील असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं, जणू माझ्या नजरेने तुझा हात धरला होता. मग खुंटे ठोकायची मोगरी उचलली आणि धावत सुटले. वळसा घालून जायची पायवाट लांबची. मी दोरी ओलांडली आणि घरट्यांमधून सरळ धावले. इतकी वर्षं माणसांना जिथे एक पाऊल टाकू दिलं नाही, तिथून. पायाखाली अंडी फुटत होती, पिलंही होती. मऊ काही लागलं की कळायचं, तरी थांबले नाही. सुरय माझ्या डोक्याची चाळण करत होते, डोळ्यांत रक्त येत होतं. तू तेवढ्यात गाडीकडे गेलास म्हणून वाचलास. सापडला असतास तर ती मोगरी तुझ्या डोक्यात घातली असती, आणि आज तुझ्या जागी आत मी असते. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. मलाच त्याची भीती वाटते.

मी पोचले तेव्हा पेटीतले पतंग तिच्या अंगाखांद्यावर, केसांत जाऊन बसले होते. आणि बुलबुल तिच्या अंगावर नाचत ते टिपून खात होते. एक तिच्या गालावर बसून चोच मारत होता आणि तिला कळत नव्हतं. मी मोगरी फेकून मारली. मग तिला मांडीवर घेतलं.

आता तुझ्या दुसऱ्या शाईबद्दल. रागाच्या भरात, म्हणतोस. तुझा राग मला ठाऊक आहे. लहानपणी ताट भिरकवायचास, ते कुठे पडतंय तेही बघायचा नाहीस. पण त्या दिवशी बुक्की मारायच्या आधी तू मनगटावरचं घड्याळ काढलंस. शांतपणे पट्टा सोडवलास, घड्याळ खिशात ठेवलंस, वर खिशाचं बटण लावलंस. ती तुझ्याकडे बघत उभी होती. तिला कळलं होतं. पळायला मागे समुद्रच होता.

तोल गेलेला माणूस आधी घड्याळ जपून ठेवत नाही रे.

हे फक्त मला माहीत आहे. त्याच्यावर तुझी किती वर्षं अवलंबून आहेत हे तुझ्या वकिलांनी मला फोन करून समजावलं, गोड आवाजात. आठ दिवस मी ते घड्याळ पोटात घेऊन फिरले. तुझे लहानपणीचे फोटो काढून बसले, ते परत ठेवले, परत काढले. तू माझा एकुलता एक. तुझ्याशिवाय मला कोण आहे, हा हिशेब मी शंभरदा करून बघितला.

काल सूनबाईने परत विचारलं. मी सांगितलं, "पडली नाहीस. त्याने मारलं तुला." आणि सगळं सांगितलं, घड्याळासकट. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग दात आवळून म्हणाली, "तुमचा मुलगा आहे, आई. तुम्ही गप्प राहिलात तरी मी समजून घेईन." तिने तसं म्हणायला नको होतं. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर कदाचित मी गप्प राहिलेही असते.

आज सकाळी फौजदार बाई लपणात आल्या. त्यांना दुर्बिणीतून ती जागा दाखवली. त्यांनी विचारलं, "एवढ्या लांबून माणूस नक्की कोण ते कसं ओळखलंत?" मी म्हटलं, "चालीवरून. चालायला मीच शिकवलंय त्याला." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हवं तर पाणी प्या. मी पाणी प्यायले आणि घड्याळाचं सांगितलं. कुठल्या हातातलं, कुठल्या खिशात ठेवलं, बटण लावलं, सगळं. सही केली.

शनिवारी तुझे धुतलेले कपडे घेऊन येईन. भेटायचं नसेल तर शिपायाला सांग, मी सामान ठेवून परत फिरेन. कोर्टात मात्र मी बोलत असताना मान खाली घालू नकोस. मी तुझ्याकडे बघूनच बोलणार आहे.

आधी तिची आणि मग तुझी,
आई