मुक्ताच्या बॅटिंगचा कौल

३ नोव्हें., सोम.
रत्नागिरीतल्या पालकांनो, मुलांना बीजगणित कोणी शिकवावं यासाठी आपण तीन-तीन क्लास पालथे घालतो. पण त्यांच्या हातात बॅट कोणी द्यावी, हे आजवर आपल्याला कोणीही विचारलेलं नाही!

वाक्य चांगलं आहे. समोर सभा नाही, तरी लिहून ठेवतो.

आज शाळेच्या मैदानावर बेसबॉलचा सराव सामना. मुक्ता तीनदा बॅटिंगला आली, तीनदा परत गेली. बॅट हललीच नाही. हीच पोरगी ग्लोव्ह घातला की कसलाही बॉल सोडत नाही. क्रीडाशिक्षक पाटील सर मूळचे कोल्हापूरकडचे, स्पष्ट बोलतात. म्हणाले, "वकीलसाहेब, फील्डिंगला पोरगी वाघीण हाय. पण बॅट दिली की फोटो काढायला उभी केल्यागत उभी ऱ्हातीया."

१७ तारखेला निवड चाचणी. त्यातून विभागीय स्पर्धेचा संघ. गाडीत मु. म्हणाली, "बाबा, मागच्या वर्षी मला राखीव म्हणून नेलं. चार दिवस मी सगळ्यांना पाणी दिलं. या वर्षी पाणी द्यायला नाही जाणार."

चौदा दिवस आहेत. शिकवणारा माणूस पारखून निवडायचा.

५ नोव्हें., बुध.
सकाळी साडेसहा. मिरजोळ्याच्या बाजूचं मैदान. पाटील सर खास वेळ देताहेत. पद्धत: बॉल नाहीच. नुसती बॅट फिरवायची. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, शेवटी मनगट. दोनशे वेळा. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारलं, प्रत्येकाचं कारण मिळालं. कारण देणारा शिक्षक हल्ली सापडतो कुठे?

मु. एकशे दहाव्या वेळेला जांभई देत होती. सर ओरडले, "हवेला लागंना अजून, बॉलला काय लागणार!"

बायकोला, सुलभाला, संध्याकाळी सगळं साग्रसंगीत सांगितलं. तिचं उत्तर: "मग नानाकाकांना का नाही विचारत?"

नाना म्हणजे तिचे चुलते. बोटीवर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. जपानी बंदरांत बोट लागली की तिथल्या खलाशांबरोबर हाच खेळ खेळायचे. आता गावी, मालगुंडच्या पलीकडे, सुपारीची वाडी आणि स्वतःची मासेमारीची होडी.

मी म्हटलं, बघू. मोकळ्या मनाने बघू.

८ नोव्हें., शनि.
सासुरवाडी. नानांनी मु.च्या हातातली बॅट काढून घेतली आणि वल्ह्याचा मोडका दांडा दिला. बॉलऐवजी सुपारी. दहा पावलांवरून एकेक सुपारी फेकायची, दांड्याने उडवायची. पहिल्या तीस हुकल्या. मी विचारलं, "नाना, पाय कुठे ठेवायचे?"

"पायांना म्हाईत आहे, जावयबापू. तुम्ही बाजूला व्हा, सावली पडतेय."

पुढच्या तिसांत सहा लागल्या. एक सुलभाच्या भावाच्या, दिनूच्या, कपाळावर. मु. खदखदून हसली. बऱ्याच दिवसांनी.

पण नानांना प्रत्येक वेळी विचारलं, हे असं का? उत्तर एकच: "लागलं ना?" ही पद्धत नव्हे. हा योगायोग.

दोघांचं एकत्रही चालणार नाही. संध्याकाळी मु.ने सरांची कंबर आणि नानांचा डोळा असं मिश्रण करून पाहिलं. बॅट स्वतःच्या गुडघ्यावर बसली. हळद लावली.

जेवताना जाहीर केलं: निर्णय झाला, पाटील सर. त्यामागची पाच कारणं सांगितली. तिसऱ्या कारणाला सासऱ्यांनी ताक मागितलं. विरोध कोणीच केला नाही. सासुरवाडीत माझ्या भाषणाला विरोध होत नाही, तेव्हा मला काळजी वाटते.

१० नोव्हें., सोम.
दिनूचा फोन, कोर्टात असताना.

"भावोजी, रागावू नका. काल देवाला विचारलं."

तेव्हा कोर्टात लिहिता आलं नाही. आता लिहितो. वीस वर्षं! शाळांत, वाचनालयांत, दोनदा तर सासुरवाडीच्या त्याच देवळासमोर उभं राहून मी या कौलावर बोललो आहे. मूर्तीला दोन कळ्या चिकटवायच्या आणि कुठली आधी गळून पडते ते सगळ्या गावाने तोंडं वर करून बघत बसायचं. यावर जमिनी वाटल्या, सोयरिकी मोडल्या. आणि आता माझ्या मुलीची बॅटिंग! एक कळी पाटील सरांची, एक नानांची!

"आणि?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

दिनू पडलेल्या आवाजात म्हणाला, "देवानं पाटलांची पाडलीन. नाना स्वतःच्या गावचा माणूस असून."

म्हणजे माझीच निवड.

आता मी काय करू? येत्या रविवारी वाचनालयात माझं व्याख्यान आहे. विषय ‘निर्णय माणसाचा’. फलकसुद्धा लागला. आणि सकाळी मुलगी पाटील सरांकडे गेली की अख्खी आळी म्हणणार, वकिलांनी कौल मानला. दुपारी बाररूममध्ये एकाने चहा पिता पिता विचारलंच, "काय हो, आता अशिलांनाही तिकडेच पाठवायचं का?"

११ नोव्हें., मंगळ.
सकाळी मु.ला मैदानावर नेलं नाही. शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की पाटील सरांच्या पद्धतीत काही मूलभूत उणिवा आहेत. बॉलशिवाय सराव म्हणजे पाण्याशिवाय पोहणं. शिवाय दोनशे हा आकडा कुठून आला? शिवाय सर शिटी फार वाजवतात. उलट नानांचा ‘लागलं ना?’ हा प्रश्न नीट पाहिला तर शुद्ध प्रयोगनिष्ठ आहे.

हे सगळं नाश्त्याला मांडलं. सु. पोहे परतत राहिली. मु. म्हणाली,

"बाबा, शनिवारी तुम्हाला सर हवे होते. देवाने सर सांगितले म्हणून आता तुम्हाला नाना हवेत. म्हणजे तुम्ही देवाचंच ऐकताय. फक्त उलटं."

चौदा वर्षांची मुलगी. कोर्टात समोरच्या वकिलाने असं गाठलं असतं तर मी तारीख मागितली असती.

सु. पाठमोरी होती. खांदे हलत होते.

१२ नोव्हें., बुध.
चूक कबूल. पाटील सरच. माझं मत माझं आहे, देवाचं जुळलं तर तो त्याचा प्रश्न. सहालाच मैदानावर गेलो.

सरांनी शिटी खिशात घातली. "नाही जमायचं, वकीलसाहेब."

"का?"

"कौलाचं कळलं मला. दिनूभाऊ स्वतः नारळ घेऊन आले होते. अहो, मी साधा पीटीचा मास्तर. उद्या पोरगी आउट झाली तर लोक काय म्हणणार? देव चुकला म्हणणार न्हाईत. मास्तर चुकला म्हणणार. मला इथं अजून नोकरी करायचीय."

मी वीस मिनिटं बोललो. मी बोललो म्हणजे चांगलंच बोललो. पलीकडच्या कट्ट्यावरचे दोन फिरायला आलेले गृहस्थ थांबून ऐकत होते, शेवटी एकाने मान डोलावली. सर म्हणाले, "पटलं. समदं पटलं. पण जमायचं न्हाई."

मु. शेजारी बॅट टेकून उभी.

१३ नोव्हें., गुरु.
मग नाना. कोर्टातून परस्पर गावी. नाना जाळं विणत बसले होते, वर पाहिलंच नाही.

"देवानं मला नको म्हटलंन, जावयबापू. मी शिकवलं आणि काही वाकडं झालं तर?"

"काय वाकडं होणार, नाना? बॅटिंग आहे ती."

"तुमची बॅटिंग. माझी होडी आहे. मला रोज पाण्यात जायचंय."

यावर माझ्यापाशी उत्तर होतं. वाचलेलं होतं, सात-आठ पुस्तकांतलं. पण म्हातारा खरंच घाबरलेला होता. दिलं नाही उत्तर.

गंमत अशी, की दोन शिक्षकांतून एक निवडायला निघालो होतो. देवाच्या कृपेने एकही उरला नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
बालदिन. शाळेत भाषण केलं: मुलांना प्रश्न विचारू द्या. टाळ्या. मु. पहिल्या रांगेत, टाळ्या न वाजवता.

संध्याकाळी ती मागच्या अंगणात. बॅट हातात, बॉल नाही, समोर कोणी नाही. पाय, कंबर, खांदा, आणि मग मध्येच थांबायची. कुणाचं करायचं ते तिला कळत नव्हतं. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर गेलो नाही. काय सांगणार होतो?

सु. म्हणाली, "मार्ग आहे एक. देवाला पुन्हा विचारायचं. दोघांनी शिकवलं तर चालेल का म्हणून. एकदा परवानगी मिळाली की सर मोकळे, नानाकाका मोकळे. गुरव उद्या चारला येतो म्हणालाय."

"छान. विचारा."

"देवापुढे हात जोडून गाऱ्हाणं मुलीच्या बापाने घालायचं असतं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे. विनोद नव्हता.

"परवा व्याख्यान आहे माझं," मी म्हटलं.

"तेरवा तिची चाचणी आहे," ती म्हणाली.

१५ नोव्हें., शनि.
देवळाच्या पायरीवर बसून लिहितोय. पावणेचार. आत गुरव कळ्या घेऊन तयार. नाना आले आहेत, धुवट सदरा घालून. पाटील सर रत्नागिरीहून मोटारसायकलवर आले. त्यांच्याकडे असलं काही बघितलं नाही म्हणतात, दिनू त्यांना उत्साहाने समजावून सांगतोय. गावची तीस-चाळीस माणसं सहज आल्यासारखी आली आहेत. वकील हात जोडतात की नाही, हे बघायला. मुक्ता माझ्या शेजारी, डोक्यावर टोपी, मांडीवर बॅट.

मी आत जाऊन गाऱ्हाणं घातलं, तर वीस वर्षांचं सगळं बोलणं इथे या उंबऱ्यावर ठेवून परत जायचं. नाही घातलं, तर सोमवारी ती पुन्हा फोटो काढायला उभी राहिल्यासारखी उभी राहणार, आणि मग पाण्याच्या बाटल्या.

रात्रीतून चार पानं लिहून आणली होती. श्रद्धा, भीती, शिक्षण, स्त्रियांचा खेळण्याचा हक्क. मु.ने मागितली, वाचली. माझंच पेन घेतलं. पहिलं पान सबंध खोडलं. दुसरंही. तिसऱ्यातलं एक वाक्य तिला आवडलं, तरी खोडलं.

"बाबा, सहाला काळोख होतो. मग खेळणार कधी?"

चौथ्या पानाच्या तळाशी एक वाक्य ठेवलंन. गुरव हाक मारतोय. उठतो. आत जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही, पण त्याआधी सगळ्यांसमोर एवढं वाचणार आहे:

पाटील सर, नाना, कळ्या लागायच्या आधी दोघांनी या अंगणात या आणि माझ्या मुलीला एकेक बॉल टाका.