घरचं पाणी

सांतो दोमिंगो,
उपवासकाळातला तिसरा शुक्रवार

प्रिय कासिल्दा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल. कोणीही मेलेलं नाही. अरेलिस ठणठणीत आहे. पोट एवढं पुढे आलंय की जिना उतरताना तिला स्वतःची पावलं दिसत नाहीत, तरी रोज औषधांच्या दुकानात कामाला जाते. मीही बरी आहे. पत्र एवढ्यासाठी, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी काही कबूल करायला तोंड उघडलं की तुझं 'असू दे गं, झालं गेलं' सुरू होतं, मग मला तुझा इतका राग येतो की मी विषयच बदलते. कागद मध्ये बोलत नाही. आमच्या जावयाचा, विल्किनचा, एक मित्र सोमवारच्या विमानाने न्यूयॉर्कला येतोय, त्याच्या हाती पाठवते. त्याला कॉफी पाज, पण बसवून घेऊ नकोस, बोलायला लागला की उठत नाही.

जानेवारीत परत जायच्या दोन दिवस आधी तू माझ्याकडे गच्चीवरची खोली मागितलीस. भाडं देईन म्हणालीस. गुडघे गेले, लोकांच्या म्हाताऱ्यांना उचलून उचलून कंबर गेली, तिथल्या थंडीत आता सहावा मजला चढवत नाही, उरलेले दिवस आपल्या सांता बार्बाराच्या गल्लीत काढू दे, म्हणालीस. मी म्हटलं, खोली दिली, सान्तियागोहून शिकायला आलेल्या एका मुलीला. तू मान हलवलीस आणि बरं झालं, तुला सोबत झाली, म्हणालीस. मला त्याबद्दलच लिहायचंय. पण सरळ वाटेने तिथे पोचणं मला जमत नाही, तेव्हा धीर धर.

विमानतळापासून सांगते. नऊ वर्षांनी येत होतीस. मी पहाटे उठून हिरवी केळी उकडून कुटली, वर कांदा परतून घातला, चीज आणि सलामी तळायला काढून ठेवली, तुला आवडतं तसं सगळं. मग आम्ही मायलेकी निघालो. तू दारातून बाहेर आलीस आणि अरेलिस त्या पोटासकट धावली. मला म्हणाली, पिशवी धर. तुझ्यासमोर डोकं वाकवून म्हणाली, 'आशीर्वाद, माद्रिना.' पूर्ण, स्वच्छ, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. मला रोज सकाळी घराबाहेर पडताना म्हणते ते 'शीर्वाद, आई', तेही चप्पल शोधता शोधता, अर्धा शब्द गिळून. आणि तू तिला जवळ घेऊन म्हणालीस, देव तुझं भलं करो, माझ्या पोरी. माझ्या पोरी! माद्रिना म्हणजे बाप्तिस्म्याची आई, हे मला ठाऊक आहे, मीच तर केलं तुला. पण मी तिथेच पिशवी धरून उभी होते गं. पोटात जे दुखायला लागलं ते तू विमानात बसेपर्यंत थांबलं नाही.

आता लिहायलाच बसले आहे तर सगळंच लिहिते. दर नाताळला तू तिकडून बोटीने पाठवलेलं सामानाचं पिंप यायचं, त्यात तिचे बूट, तिच्या वह्या, तिचे फ्रॉक, आणि तळाशी माझ्यासाठी एक साबण आणि बाटलीभर अत्तर. ती पिंपात डोकं घालून नुसता वास घेत बसायची. मी तिला वर्षभर भात-राजमा खाऊ घालून वाढवलं, आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी अगदी कासिल्दासारखी चालते. कशी चालेल? तू गेलीस तेव्हा ती तीन वर्षांची होती. दर रविवारी तुम्ही दोघी फोनवर तोंडं बघत दीड-दीड तास हसता आणि मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटते. आणि तिला दिवस गेले हे तुला माझ्या तीन दिवस आधी कळलं. हे मला तुझ्याच तोंडून कळलं, तुझ्या वेंधळेपणामुळे. मी म्हटलं, हो, मला सांगितलंय की. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

कॅथेड्रलला जायचं तूच काढलंस. शनिवारची सकाळ, चौकातल्या झाडांखाली कबुतरं आणि बूटपॉलिशवाले, ऊन अजून चढायचं होतं. तू बिनबाह्यांचा झगा घातलेला, पायात ते पांढरे पाववजा बूट, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली. दारावरचा रखवालदार नवा, आसुआकडचा तरुण आहे, तू गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी लागलेला. त्याने तुला अडवलं. बाहेरच्यांनी तिकीट तिकडे घ्यायचं, बाई, आणि खांदे झाका. तू हसून त्याला म्हणालीस, अरे, तुझा बाप जन्मायच्या आधी माझा बाप्तिस्मा इथे झालाय. पण तुझ्या बोलण्यात आता तिकडचा हेल आलाय, तुला तो ऐकू येत नाही, आम्हाला येतो. तो म्हणाला, तिकीट चुकवायला सगळ्या हेच सांगतात. मग माझ्याकडे वळला, कारण मी रोजची, मला ओळखतो. 'दोन्या ओन्दिना, ह्या तुमच्यातल्या का?'

'पाहुणी आहे,' मी म्हटलं.

एवढंच. तू ऐकलंस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. गेलीस, तिकीट घेतलंस, त्यांनी दिलेलं कापड खांद्यांवर ओढलंस, माहिती सांगणारं ते यंत्र कानाला लावलंस आणि जर्मन म्हाताऱ्यांच्या घोळक्यामागून आत आलीस. मी बाजूने, घरच्यासारखी, दाराशी ठेवलेलं पवित्र पाणी बोटाला लावून, क्रूसाची खूण करून. लहानपणी फरशीतल्या बिशपांच्या नावांवर पाय पडू नये म्हणून आपण दोघी ज्या खांबांमधून लंगडी घालत पळायचो, त्या खांबांचं वय तू यंत्राकडून ऐकत होतीस. खरं सांगू? मला बरं वाटलं. निदान एका जागी तरी मी आतली आणि तू बाहेरची होतीस. ते बरं वाटणं तू बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी पोचेपर्यंत टिकलं. तिथे तू यंत्र कानावरून काढलंस आणि दोन्ही हात कुंडाच्या काठावर ठेवून उभी राहिलीस. तुला काय आठवतंय ते मला पक्कं माहीत होतं. आपण दोघी सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

सत्तावीस वर्षं आपण त्यावर एक शब्द बोललो नाही, तर आता मी बोलते. अरेलिस सातव्या महिन्यात झाली. एवढीशी, निळी. मी तापाने बेशुद्ध. सुईण म्हणाली, ही दुपार काढायची नाही, आणि तू कपात पाणी घेऊन तिच्या डोक्यावर ओतलंस, नाव घेतलंस, अरेलिस, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी तिचं नाव रोसाउरा ठरवलं होतं, माझ्या आईचं. मी चाळीस दिवस इस्पितळात पडले, ती चाळीस दिवस तुझ्या छातीवर, तुझ्या उबेत वाढली. मी घरी आले आणि तिला घ्यायला हात पुढे केले तर ती रडली. तुझ्याकडे परत गेली आणि गप्प झाली. तू बिचारी ओशाळून म्हणालीस, माझ्या अंगाचा वास ओळखीचा झालाय, दोन दिवसांत विसरेल. ते दोन दिवस मला अजून आठवतात.

दोन महिन्यांनी आपण तिला कॅथेड्रलमध्ये नेलं. तू बाळ घेऊन उभी, मी मेणबत्ती धरून. आपल्याकडे धडधाकट बाळालाही घरच्या घरी पाणी ओतून नाव देतात, म्हणून फादरनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, घरचं पाणी झालंय का? झालं असेल तर ते पुन्हा पाणी ओतत नाहीत, नुसतं तेल लावतात, बाप्तिस्मा एकदाच होतो, हे आपल्याकडे चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मी म्हटलं, नाही, फादर. घरी काही झालं नाही. तुझ्या हातातल्या बाळाच्या डोक्यावर तुझ्यादेखत दुसऱ्यांदा पाणी पडलं आणि मी मोठ्याने नाव सांगितलं, अरेलिस रोसाउरा. तुझं पाणी मला पुसून टाकायचं होतं. तू तोंड उघडलं असतंस तर बाप्तिस्मा थांबला असता आणि चारचौघांत माझी शोभा झाली असती. तू गप्प राहिलीस, बाळाचं कपाळ टिपलंस. रोसाउरा तर कोणी तिला एकदाही म्हटलं नाही. आणि ती अडीच वर्षांची असताना तुला व्हिसा मिळाला तेव्हा जा, जा, असं नशीब पुन्हा येत नाही, म्हणून तुझ्या मागे लागणारी मीच होते. तुला वाटलं मला तुझं भलं व्हायला हवंय.

तर त्या शनिवारी कुंडापासून तू बाकावर येऊन बसलीस, गुडघे चोळलेस आणि खोली मागितलीस. मी त्या विद्यार्थिनीची गोष्ट तिथल्या तिथे रचली. एकाच छपराखाली माझं हे तिसरं खोटं, आणि तिन्ही तुझ्याबाबत. मग अरेलिस कामावरून थेट तिथे आली, तुझ्या खांद्यांवरचं कापड आणि गळ्यातलं यंत्र बघून हसायला लागली. माद्रिना, हे काय सोंग? तू म्हणालीस, हौस आली, म्हटलं आपलंच देऊळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं. मला वाटलं होतं तू सांगशील. सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, मला तुझ्याशी भांडता आलं असतं. चांगुलपणातही मला वर येऊ देत नाहीस तू.

मागच्या शुक्रवारी मी पापकबुलीला गेले. हे फादर तरुण आहेत, मला वाटलं चटकन आटपेल. पाण्याचं सांगितलं. ते म्हणाले, मग बाई, पहिलंच पाणी खरं. दुसऱ्याने फक्त मुलीचं डोकं भिजलं. मी जाळीला तोंड लावून त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. सत्तावीस वर्षं मी छातीवर दगड ठेवून जे पाप वागवलं, ते लागूसुद्धा पडलं नव्हतं. तुझं पाणी तिच्या डोक्यावर होतं तिथेच आहे. मी बाहेर चौकात येऊन बसले आणि रडले, आणि कशासाठी रडले ते आधी कळेना. वाईट वाटून की काय, म्हणून बघितलं, तर नाही. जळूनच रडत होते.

आणि परवा अरेलिस कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. खोलीत माझे कापडाचे गठ्ठे, जुनी शिलाई मशीन, कोळिष्टकं. खाली आली आणि म्हणाली, माद्रिना फोनवर म्हणत होती तुला सोबत झाली, कुठे आहे ती सोबत? मी गोड राजमा ढवळत होते, ह्या दिवसांत घरोघरी वाटतो तो, आणि ढवळता ढवळता सगळं सांगितलं. कप, पाणी, चाळीस दिवस, फादर, पाहुणी, खोली. राजमा तळाला लागला. मला वाटलं, आता ही पोरगी दार आपटून जाईल आणि तुला फोन लावेल. तिने चुलीवरचं पातेलं उतरवलं, पोटावर हात ठेवून खुर्चीवर बसली. मग म्हणाली, 'आई, माझ्या बाळाला घरचं पाणी तू घालायचंस.' तुझं नाव घेईल असं मी धरून चालले होते. कासिल्दा, मी क्षणभरही विचार केला नाही, लगेच हो म्हटलं, आणि आता तू कितीही गोड बोललीस तरी हे पाणी तुला देणार नाही. पण पाणी ओतताना बाळ कोणीतरी धरावं लागतं, विल्किनचे हात आत्तापासून थरथरतात, आणि एवढंसं बाळ बिनघोर ज्यांच्यावर सोपवावं असे हात मला ह्या जगात एकाच बाईचे माहीत आहेत. गठ्ठे खाली आणलेत, खोली झाडली, कालच भिंतींना चुना मारला. गुडघ्यांसाठी जिन्याला कठडा लावून घेतेय. बाळ मेमध्ये आहे, तू एप्रिलमध्येच ये. तिने तुला डोकं वाकवून आशीर्वाद मागितला की माझ्या पोटात दुखणारच आहे, त्याला इलाज नाही, पण तू बाळ धर.

तुझीच,
ओन्दिना