पोराचं घर असताना हॉटेल

३ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा हॉटेलं! तौसीफने आज आणखी फोटो पाठवले. पांढऱ्या चादरी, पांढरे दिवे, नाश्त्याला कापून ठेवलेली फळं. खाली लिहिलंय — अम्मी, पसंद करो.

पसंद करो म्हणे! सौदीत, जिद्द्यात फ्लॅट आहे ह्याचा. सोफा दाखवला होता एकदा व्हिडिओवर, खिडकीला हिरवा पडदा. तिथून मक्का तास-दीड तासावर. आम्ही म्हातारा-म्हातारी आयुष्यात पहिल्यांदा उमऱ्याच्या यात्रेला निघालो, आणि पोटचा पोरगा हॉटेलं दाखवून राहिला.

मी मनात सगळं ठरवलेलं होतं. थोडे दिवस मक्केत, थोडे मदिनेत, उरलेले पोराच्या घरी. त्याच्या ओट्यावर उभी राहून त्याला खिचडा करून घालीन. मूर्ख बाई.

६ सप्टेंबर

सरळ विचारलं फोनवर. घर में जगह नहीं है क्या?

"है ना, अम्मी. पण हॉटेल हरमच्या जवळ पडतं. अब्बांचे गुडघे—"

अब्बांच्या गुडघ्यांची बरी आठवण झाली! काटोलच्या एसटीचा क्लच दाबून दाबून ते गुडघे गेले, तेव्हा हे साहेब कॉलेजात होते. चार वर्षांत एकदा यायला जमलं नाही. कंपनीत हिशेब बघतो, सुटी नाही. ईदलाही सुटी नाही. फोनवर तोंड दाखवायचंही बंद केलंय — नुसता आवाज.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आपण अल्लाच्या घरी चाललो नफीसा, पोराच्या नाही."

बोलायला काय जातं.

१४ सप्टेंबर, रविवार

माया आली होती. सक्करदऱ्याच्या शाळेत दोघी एकाच वर्गखोलीत सकाळ-दुपार शिकवायचो, आता शेजारी राहतो. तिला फोटो दाखवले.

"हे हरम म्हंजे काय वं?"

"काब्याची मशीद. तिच्याजवळ राहायचं, म्हणजे पाचही नमाजा तिथं होतात."

"अन् पोराचं घर असताना हॉटेल काहून?"

काय सांगू? म्हटलं, दूर पडते. माया हसली. "सून आणून ठेवली असंल बाई गुपचूप!"

तीही हसली, मीही हसले. ती गेल्यावर हसू आलं नाही. आणलीच असेल. कोणीतरी तिकडचीच. आणि आम्ही दोघं — हे लुंगीवाले, मी तोंडात खर्रा नसला तरी बोलण्यात काटोल असलेली. कसं दाखवणार आम्हाला!

१५ सप्टेंबर

घरात आम्ही हिंदी बोलतो. पण जन्मभर मराठी शिकवली, राग मराठीतच येतो.

२ ऑक्टोबर

मायाकडे गावाकडून पाहुणे आलेत, दीक्षाभूमीला. हॉलमध्ये, गच्चीवर, स्वयंपाकघरात — पाय ठेवायला जागा नाही. माया वैतागली आहे, ओरडते आहे, पुन्हा पोळ्या लाटते आहे. मी पीठ मळून दिलं. तिचा मामा म्हणाला, "पोरीचं घर असताना लॉजात काहून जायचं आम्ही?"

मी ताट ठेवून घरी आले.

७ ऑक्टोबर

मोमिनपुऱ्यात एजंटकडे गेलो. भला माणूस आहे, घाई करत नाही. ह्यांच्याकडे बघूनच म्हणाला, चाचा, चढाचं हॉटेल तुमच्या कामाचं नाही. हरमजवळच्या मिसफला भागात एक दाखवलं. रस्ता सपाट, लिफ्ट मोठी, न्हाणीघरात धरायला दांडी. आपल्याकडचेच लोक उतरतात तिथं, डाळ-भात मिळतो.

ह्यांना पसंत. मला तर काही पसंत पडायचंच राहिलं नव्हतं. तरी तौसीफला नाव कळवलं.

८ ऑक्टोबर

काय झालंय ह्या पोराला? आठवडा-आठवडा आवाज नसतो, आज सकाळपासून फोनवर फोन!

"अम्मी, वो वाला नहीं. बाकी कुठलंही घ्या. ते नको."

काहून नको? तर म्हणे चादरी बदलत नाहीत. मग म्हणे ढेकूण आहेत. मग म्हणे लिफ्ट बंद असते.

"तुला कसं ठाऊक? राहिलास का तिथं?"

हळूच — "सुना है."

ऐकलंय! आईचं काही ऐकलं नाही, हॉटेलाचं ऐकलंय. मी म्हटलं, मग तुझ्या घरी येतो. तर गप्प. त्या गप्प बसण्याचाच मला संताप येतो. एकदा तोंडावर म्हण ना, नका येऊ!

शेवटी "अम्मी, जिद मत करो" म्हणाला. म्हणजे जिद्दी मी!

९ ऑक्टोबर

एजंटला सांगून टाकलं. मिसफलातलंच. त्याने नको म्हटलं ना, मग तेच.

ह्यांना म्हटलं, त्याला कळवायची गरज नाही. हे म्हणाले, "उमऱ्याले निघाली तू. मन साफ कर आधी."

माझंच मन तेवढं मळकं!

२६ ऑक्टोबर

जाण्याआधी सगळ्यांची माफी मागून घ्यायची असते. आळीत फिरलो. माया रडली, मला म्हणे, तू कधी काय केलं माझं? तौसीफला मी फोन केला नाही. माफी मागावी तर त्याने.

त्याचाच आला संध्याकाळी. "अम्मी, कुछ गलती हुई हो तो माफ करना." मी "हं" म्हटलं. माफ केलं असं म्हटलं नाही.

कोणतं हॉटेल, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर, जिद्दा

विमानतळावर सगळ्यांना घ्यायला कोणी ना कोणी होतं. आमच्या गटातल्या एका बाईचा भाचा दूरच्या गावाहून आला, खजुराचा डबा घेऊन. आमच्यासाठी निरोप — ऑडिट चालू आहे, शुक्रवारी येतो.

ह्याच गावात आहे तो! बसच्या खिडकीतून मी घरं बघत होते. हिरवा पडदा दिसतो का म्हणून. एवढी लाज गेली माझी.

हे पूर्ण रस्ता लब्बैक — हजर आहे, अल्लाह, हजर आहे — म्हणत होते. माझ्या ओठांवर होतं, आत दुसरंच चाललं होतं. अल्लाह, माफ कर.

९ नोव्हेंबर, मक्का

उमरा झाला. काबा बघितला आणि काय मागायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. नुसतं तौसीफचं नाव आलं तोंडात. चीड होती त्यात, की दुसरं काही, मलाच कळलं नाही.

हॉटेल चांगलं आहे. चादरी शुभ्र, ढेकूण नाही, लिफ्ट चालू. तो नुसत्या खोट्या खोड्या काढत होता. ह्यांना चालायला काही त्रास झाला नाही. बरं झालं त्याचं ऐकलं नाही.

१० नोव्हेंबर

सकाळी दार वाजलं. उघडलं तर दारात टॉवेलांची गाडी, आणि तौसीफ. राखाडी गणवेश, छातीवर नावाची पट्टी. हात पांढरे पडलेले, फिनाइलने पडतात तसे. वाळलाय.

तोच पुटपुटला — कंपनी कधीच बंद पडली, अम्मी. घर नाही. इथंच तळघरात राहतो, बाकीच्या पोरांबरोबर. यादीत तुमची नावं दिसली तेव्हा मजला बदलून मागितला होता, दिला नाही. अब्बांना सांगू नका.

न्हाणीघरातून ह्यांनी विचारलं, "कोन आहे?"

तौसीफ माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "टॉवेलवाला."