भरलेली वीस काडतुसं

रविवार, संध्याकाळ. किहीम.

परवान्यासाठी खेटे घालून घालून घेतलेली जोडनळी रायफल. उद्या रेंजवर तिचा पहिला बार नंदूला काढायला देणार होतो. बालमित्र आहे, तिच्यासाठी माझ्याइतकाच झुरलाय.

दुपारी घरीच रिकाम्या पुंगळ्यांत बंदुकीची दारू घालून काडतुसं भरत बसलो होतो. मध्येच बायकोने हाक मारली, "अहो, दूध उतू जातंय, बघा जरा!" उठलो. परत आलो आणि समोरच्या पुंगळीत न बघताच दारू घातली. आधी घातली होती का? आठवेना. तरी वीसही काडतुसं बंद करून टाकली! त्या दुधापायी... छे, दुधाचा काय दोष?

शेवटी नंदूला फोन केला. "उद्याचं रद्द. एखाद्यात दारू दुप्पट पडली असेल, बार काढताना नळीच तोंडावर फुटायची."

"असेल म्हणजे? नक्की हाय का?"

"न्हाय."

"मग तुझा आपला वहीम!" तो चिडलाच.

तरी एकेक उघडत गेलो. दहा ठीक निघाली. माझीच मला लाज वाटायला लागली. अकराव्यातून मात्र दारू सांडतच राहिली.

पुन्हा फोन लावून सांगितलं. मग त्याने हळूच विचारलं, "वहिनीला सांगितलंस?"

नाही सांगितलं. हाक तिनेच मारली होती, उगाच मनाला लावून घेईल.