तीन नंबरच्या पेटीतलं पिल्लू

रविवार, १४ नोव्हेंबर

चि. ठमे,

बाबाचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती त्याची जुनीच सवय. स्वयंपाकाच्या बाईंना तिखट कमी घाला म्हटलं तर त्या मीठही कमी घालतात. तुझी आई गेल्यापासून या घरात माझं कोणी ऐकत नाही. ती होती तेव्हाही ऐकत नव्हतंच म्हणा.

बाळाचा फोटो मिळाला. टोपी भुवयांपर्यंत खाली, दुपटं गालांपर्यंत वर. मधे नाक तेवढं दिसायला हवं होतं, तर नेमका तिथे तुझ्या सासूबाईंचा हात आलाय. माझा जन्म नाकं बघण्यात गेला आणि नातवाचं नाक तेवढं बघायचं राहिलंय. कोणावर गेलंय गं? तुझ्या आईवर गेलं असेल तर शेंड्याला थोडं बसकं असेल. तुझ्यावर गेलं असेल तर शेंड्यावर राग असेल. फोटो मी भिंग लावूनही पाहिला. सासूबाईंची नखं मात्र छान दिसतात.

तू माझ्या कामाचं विचारत नाहीस, तरी सांगतो. मी अजून डुकरांच्या नाकातच आहे. खाटीकखान्यातून डोकी येतात, ती मी करवतीने उभी कापतो, धुतो आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पातळ काप करून देतो. लोक डुकराचं नाव काढलं की नाक मुरडतात, पण त्याचं नाक आतून एकदा बघावं. लांबच लांब बोळ, त्यात दोन्ही बाजूंना कागदाइतक्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या आणि त्यांच्यावर ओलसर गुलाबी अस्तर. हवा त्यातून वळसे घेत जाते, कोमट होते, धूळ मागे चिकटून राहते. अगदी मागे, नाक संपून घसा सुरू होतो तिथे, वरच्या बाजूला रोगप्रतिकारक ऊतींचे बारीक दाणे असतात. श्वासाबरोबर जे काही आत येईल त्याची तिथे चौकशी होते. तू कोण, कुठला, इकडे कशाला? एकदा पाहिलेला जंतू पुन्हा आला की लगेच ओळखतात. थेट तुझी आत्या, दाराची कडी न काढता पाहुण्याची सात पिढ्यांची माहिती काढणारी.

आत्या तुझ्याकडे येऊन बाळाला मांडीवर घेऊन गेली म्हणे. तिनेच फोन करून सांगितलं, दोनदा सांगितलं. मी बरं म्हटलं.

आमच्याकडे काही पिल्लं जन्मल्यापासून बंद पेटीत वाढवतात, गाळलेल्या हवेवर आणि निर्जंतुक दुधावर. नाकात फवारायच्या लशीचं काम आहे, त्यासाठी ती लागतात. त्यांच्या नाकाच्या मागच्या भागाचे काप पाहिले तर दाणे जवळजवळ नसतातच, सगळं सपाट. बाहेर आईजवळ चिखलात लोळलेल्या भावंडांमध्ये तेच दाणे टपोरे असतात. म्हणजे जगाशी ओळख झाल्याशिवाय तो पहारा उभाच राहत नाही. मला वाटलं, हे तुला नीट लिहावं. डॉक्टरांनी बाहेरच्या माणसांना बंदी केली आहे असं तू म्हणतेस ना, म्हणून. मी बाहेरचा कधीपासून झालो, तेही विचारणार होतो.

आमच्या डॉक्टरबाईंना मी हे बोलून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, पेटीतली पिल्लं घाईने बाहेर सोडली तर त्यातली काही आजारीही पडतात, हे तुम्ही पाहिलंय. आणि सोडताना आपण त्यांच्या आईला विचारत नाही, म्हणून आपल्याला सोपं जातं."

ठमे, बंदी डॉक्टरांची नाही हे मला ठाऊक आहे.

त्या दिवशी हॉस्पिटलात मी तुझ्या खाटेशेजारी बसलो होतो. बाळ दिवस भरायच्या आधीच आलेलं, पलीकडच्या खोलीत काचेच्या पेटीत. तू नुकती कुठे डोळे मिटून पडली होतीस. मला कमी ऐकू येतं म्हणून माझ्या फोनचा आवाज कायम मोठा, आणि आमचा प्रयोगशाळेतला गडी तर फोनवर शेतातून हाक मारल्यासारखा बोलतो. "साहेब, तीन नंबरच्या पेटीतलं पिल्लू गेलं!" सगळ्या खोलीने ऐकलं. तू जी किंचाळलीस, ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. बहिऱ्या कानालाही ती नीट ऐकू आली. मी "अगं डुकराचं, डुकराचं" म्हणत राहिलो. परिचारिका तुला धरून त्या काचेपर्यंत घेऊन गेली, आत बाळ हात हलवत होतं, तरी तुझं रडणं थांबेना. त्या दिवसापर्यंत आपण सगळेच त्याला पिल्लू म्हणत होतो. मग माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "बाबा, नको." काय नको, ते सांगितलं नाहीस. फोन नको, काम नको की मीच नको, हे मी अजून शोधतोय.

तुझ्यावर रागावलो होतो, खोटं कशाला बोलू? चांगला फणफणलो होतो. राग उतरला आणि नुसती आठवण राहिली. सकाळी चहा करताना येते, बसची वाट बघताना येते. समोरच्या घरातलं तान्हं रडलं की मी उगाच गॅलरीत जाऊन उभा राहतो.

आता खरी बातमी. वर मी 'कापतो', 'धुतो', 'करून देतो' असं लिहिलंय, ते सगळं 'होतो' लावून वाच. मी काम सोडलं. तू सांगितलंस म्हणून नाही, तू तसं काही म्हणालीही नव्हतीस. हॉस्पिटलातून परत कामावर गेलो तेव्हा पेट्यांची पाळी माझी होती. पेटीच्या काचेला लांब रबरी मोजे बसवलेले असतात, त्यातूनच आत हात घालायचा. हजारदा घातला असेल. त्या दिवशी एक पिल्लू आलं आणि माझ्या बोटाला नाक लावून हुंगत बसलं. मोज्याला रबराशिवाय कसला वास येणार? तरी ते बिचारं शोधत होतं. आणि मला तू दिसलीस, काचेच्या गोल भोकातून हात घालून बाळाच्या पावलाला बोट लावणारी. मला हात बाहेर काढता येईना. शेवटी डॉक्टरबाईंनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी थांबण्याचा आग्रह केला, पण मन लागेना.

हे तुझ्या डोक्यावर ओझं म्हणून लिहीत नाही. काम मला आवडायचं आणि आवडायचं तेवढं करून झालं. आता दिवस मोठा वाटतो इतकंच.

तू बोलावल्याशिवाय मी यायचा नाही. उंबऱ्याशी थांबव, कपडे बदलायला लाव, कोपरापर्यंत हात धुवायला लाव, आत्यासारखी माझी सगळी चौकशी कर. घाई नाही. तुला भीती वाटेनाशी होईल तेव्हा होईल. पण मग त्याला एकदा माझ्याकडे दे गं, मोज्यांशिवाय.

रिकाम्या हातांनी बसलेला,
तुझा बाबा