रेघेच्या आत

ता. ४, सोमवार

आले: गॉझची पाकिटे १० (६०), चिकटपट्टी १ (१८), सलाइनच्या बाटल्या २ (४४), कापसाच्या काड्या १ डबी (१२). सिस्टरांची फेरी १ (१५०). शिवाय हे स्वतः, हॉस्पिटलमधून, बाविसाव्या दिवशी. आपल्या पायांनी जिना चढले. देवाची कृपा.

बेंबीच्या खाली ऑपरेशनची चीर आहे. वरचे टाके धरले, खालच्या टोकाचे सुटले, तिथे खड्डा. घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी मोजला: लांबी ३ सेंटिमीटर, रुंदी २, खोली ४. खोली कापसाच्या काडीने मोजतात. मग आत गॉझची ओली पट्टी भरली. आठवड्यातून तीनदा येणार.

सगळं नीट बघून घेतलं. अवघड काही नाही. मॅट्रिकला शरीरशास्त्रात मला सत्तावन्न होते.

ता. ६, बुधवार

जखमेभोवती लालसर दिसतंय. सिस्टरांनी लालीच्या कडेने पेनने रेघ काढली. लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला तर त्याच दिवशी फोन करा म्हणाल्या. रेघ पुसू नका, असंही म्हणाल्या. पेन इथेच विसरल्या.

ता. ७, गुरुवार

पोटावर शाईचे पट्टे घेऊन माणूस देवापुढे बसणार कसा? अंग पुसताना साबणाने रेघ काढली. प्रार्थना झाल्यावर लालीच्या कडेने परत ओढली, त्यांच्यापेक्षा सुबक. पेन चांगलं आहे.

रात्रभर विचार करून एक गोष्ट लक्षात आली. खड्ड्यात दर खेपेला पट्टी भरली तर खड्डा भरणार कधी? दारात पाचर ठोकायची आणि दार लागत नाही म्हणायचं. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, त्यांना विचार. त्यांना काय विचारायचं? बाई गोड आहे, माझा संशय नाही. पण फेरी ती फेरीच, दीडशेची.

सिस्टरांच्या ऑफिसात लेखी देऊन आले, पेशंटला उतार आहे, सेवा बंद करावी.

निश्चय: रोज सकाळी प्रार्थनेनंतर, कोपरापर्यंत हात धुऊन, ड्रेसिंग मी करणार. आत पट्टी नाही. आकडे वहीत.

ता. ९, शनिवार

लांबी २, रुंदी १. खोली मोजली नाही. भरत आलेलं काडीने उकरायचं कशाला? रेघ पुसली, काढली. लाली रेघेच्या आत.

ता. ११, सोमवार

लांबी १, रुंदी अर्धा. मी दोन दिवसांत केलं ते हॉस्पिटलला तीन आठवड्यांत जमलं नाही. लाली रेघेच्या आत.

दुखतं का विचारलं. हे म्हणाले, काहीच लागत नाही, हात ठेवला तरी कळत नाही. तिथली कातडी काही महिने बधिर राहील असं डॉक्टर म्हणालेच होते. मलाही हल्ली विशेष काही वाटत नाही. बरं आहे, कामं उरकतात.

ता. १२, मंगळवार

रेघ काढताना हे बघत होते. म्हणाले, "शनिवारी बेंबी रेघेच्या बाहेर होती. आज आत आलीय."

मी म्हटलं, पडून पडून पोट सुटलंय, बेंबी सरकली असेल. ह्यांनी शर्ट खाली ओढून घेतला.

थोरलीचं पत्र आलं, बाबा कसे आहेत. कळवलं, जखम मिटत आली, येण्याची घाई करू नकोस, भाडं वाया जाईल.

ता. १३, बुधवार

लांबी ०, रुंदी ०. वर कातडी आली. हिशेब पुरा झाल्यावर मारते तशा खाली दोन रेघा मारल्या.

अंग कोमट लागतंय. खिडकी बंद होती. अर्धंच जेवले. उद्यापासून जपाची एक माळ जास्त.

ता. १४, गुरुवार, दुपार

सिस्टर पेन न्यायला आल्या. आल्यासरशी बघून जाते म्हणाल्या. मला आनंदच झाला, वही काढून ठेवली.

पांघरूण बाजूला केलं आणि त्या तशाच थांबल्या.

"ही रेघ कोणी काढली?"

"मीच. रोज काढते."

"रोज?"

मी सांगितलं, लाली एकदाही बाहेर गेलेली नाही. त्यांनी पेन मागितलं आणि सहा तारखेची आपली रेघ आठवून परत काढली. तिच्यात आणि माझ्या रेघेत चार बोटं मावत होती. मग मिटलेल्या जागी अंगठ्याने हलकेच दाबलं. पिवळं आलं. येतच राहिलं. हे छताकडे बघत होते, त्यांना कळलंही नाही.

लांबी शून्य, रुंदी शून्य, मी वही पुढे केली. त्यांनी विचारलं, खोली? तो रकाना कोरा होता.

सिस्टरांनीच फोन केला, हॉस्पिटलची गाडी बोलावली. गाडीवरच्या दोघांनी खुर्चीत बसवून ह्यांना जिना उतरवला.

ता. २०, बुधवार

आज ताप नाही. जखम उघडून साफ केली आणि उघडीच ठेवली आहे. आत पट्टी भरतात.

थोरली आली आहे. वही वाचली, मिटून जागेवर ठेवली.

ऑफिसला फोन केला. लेखी बंद केलेली सेवा लेखीच सुरू होते म्हणाले. पाठवलेल्या पत्राची नक्कल:

"आमचे ता. ७ चे पत्र रद्द समजावे. जखम: लांबी ९, रुंदी ४, खोली ५. तिन्ही मापे डॉक्टरांनी घेतली आहेत. रेघ मी काढलेली नाही. आपल्या सिस्टरांचे पेन त्या दिवशी गडबडीत पुन्हा इथेच राहिले. कपाटात वर ठेवले आहे, मी हात लावत नाही. पेशंट शुक्रवारी घरी येतील. त्याच सिस्टर यायला तयार आहेत का, ते कृपया उलट टपाली कळवावे."